ट्रम्पेट सोडला तेव्हा

आम्ही एकटेच, तरी 'आम्ही' लिहितो. घरात 'हम' म्हणायची सवय. बी.एड. झाले, नोकरी लागली, मराठी लिहू लागलो, पण ती काही सुटली नाही. वाचकांनी चालवून घ्यावे.

अब्बांची बँडपार्टी होती. भायखळ्याजवळच्या मोहल्ल्यात एक खोली आणि तिच्या माळ्यावर ढोल, इफोनियम, लाल कोट, जरीच्या टोप्या. लग्नसराईत वराती, भाद्रपदात गणपती. ट्रम्पेट आमच्या हाती सातव्या वर्षी आला आणि नववीत जाईपर्यंत आम्ही अब्बांच्या शेजारी उभे राहून गाण्याचा मुखडा उचलू लागलो. शाळेत हे लपवून ठेवले होते. पण एका वरातीत वर्गातल्या पोरांनी पाहिले, आणि मग वर्षभर "ए बाजेवाले" हीच हाक.

२००३ साली जवळच्या एका मिशनरी शाळेत गोव्याचे एक सर मुलांचा जॅझ बँड बसवत होते. त्यांनी आम्हाला रस्त्यात वाजवताना ऐकले. ट्रम्पेटला त्यांच्याकडे तीन मुले होती, सॅक्सोफोनला एकही नव्हता. "दम आहे तुझ्याकडे, बाकीचं मी शिकवतो," म्हणाले. आम्ही महापालिकेच्या उर्दू शाळेतले. पण मुख्याध्यापकांची परवानगी काढून सरांनी आम्हाला आत घेतले.

हे ऐकून अब्बा जेवणावरून उठले. "होंट बिगड जायेंगे तेरे," एवढेच बोलले. त्यात खोटे काही नव्हते. शिवाय सीझन तोंडावर होता, आणि पार्टीत मुखडा उचलणारे दोघेच, ते आणि आम्ही.

पहिला आठवडा नुसता चीत्कारात गेला. ट्रम्पेटमध्ये आवाज ओठांचा. ओठ घट्ट मिटून फुरफुरवायचे, पिस्टन तीनच, वरचा स्वर हवा तर ओठ आणखी आवळायचे. तोच जोर आम्ही सॅक्सोफोनवर लावला तर पत्ती बंद पडे, नाहीतर डुकराच्या पिल्लासारखी किंचाळे. इथे ओठ थरथरत नाहीत, पत्ती थरथरते. खालचा ओठ दातांवर दुमडून गादी करायची, वरचे दात माउथपीसवर टेकवायचे आणि बाकी सोडून द्यायचे. हे 'सोडून देणे' आम्हाला जमेना. ओठाच्या आतून रक्त यायचे. बोटांचे दुःख वेगळेच. तीन पिस्टनची सवय झालेल्या बोटांपुढे विसाहून अधिक भोके, आणि वरच्या सप्तकासाठी डाव्या अंगठ्याखाली वेगळी कळ.

सर म्हणाले, हे वाद्य पितळेचे दिसते, पण पितळी वाद्यांच्या जातीचे नाही. अ‍ॅडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली त्याचे पेटंट घेतले. पत्तीमुळे त्याची गणना क्लॅरिओनेटच्या घराण्यात होते. पत्ती आम्ही निरखून पाहिली आणि ओळखीची वाटली. तख्तीवर खुशखत लिहायला आम्ही ज्या बोरूची कलम छिलत असू, तसल्याच नळाची ती, टोकाला पातळ केलेली. कलम शाईत बुडवायची, पत्ती थुंकीने भिजवायची. त्या दिवसापासून आमची भीती निम्मी झाली. का, ते सांगता येत नाही.

सरांकडून मुंबईच्या जॅझची माहितीही मिळाली. ताजमहाल हॉटेलात वर्षानुवर्षे वाजलेला मिकी कोरिया यांचा बँड. चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट, जो सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त १९५१ साली घराघरांत पोचला. गंमत म्हणजे 'अलबेला'ची गाणी अब्बांची पार्टी कित्येक वर्षे वरातीत वाजवत होती. जॅझ हा शब्द मात्र आमच्या खोलीत कधी कोणी उच्चारला नव्हता. हे अब्बांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "तो फिर नया क्या सीखा?"

सीझनभर आम्ही दुपारी सॅक्सोफोन आणि रात्री ट्रम्पेट वाजवला. अब्बा म्हणाले तसेच झाले. एका वरातीत वरचा स्वर फुटला. नवरदेवाच्या मामांनी वळून पाहिले, अब्बांनी पाहिले नाही. पुढचा मुखडा त्यांनी एकट्याने उचलला. त्या रात्री आम्ही ट्रम्पेट पुसून पेटीत ठेवला आणि परत काढला नाही.

गॅदरिंगच्या संध्याकाळी आमच्या वाट्याला सोळा मात्रांचा तुकडा होता. अब्बा शेवटच्या रांगेत, बँडच्या कोटावर साधे जाकीट चढवून बसले होते, कारण तिथून त्यांना थेट वरातीला जायचे होते. तुकडा कसा झाला, आम्हाला आठवत नाही. टाळ्या पडल्या एवढे खरे.

बाहेर आलो तर ते फाटकाशी उभे. त्यांनी सॅक्सोफोन हातात घेतला, उलटासुलटा केला, एकेक कळ दाबून पाहिली.

"इसमें तेल कहाँ डालते हैं?"

आम्ही कळांचे जोड दाखवले. मान हलवून त्यांनी खिशातली पिस्टनच्या तेलाची बाटली आमच्या हातावर ठेवली आणि घाईने वरातीच्या दिशेने निघाले.