स्पंजातलं विरजण

दिवाळीच्या आधीच्या रविवारी घरोघरी माळ्यावरचे डबे खाली येतात, पंख्यांची पाती पुसली जातात आणि कोणाची तरी नजर हॉलमधल्या फिश टँककडे वळते. काचेवर हिरवट थर, खड्यांत गाळ, फिल्टरचा स्पंज काळाकुट्ट. मग मासे बादलीत जातात आणि टँक बाथरूममध्ये. खडे चाळणीत घालून खळाखळा धुतले जातात, स्पंज नळाखाली धरून पाणी नितळ येईपर्यंत पिळला जातो, हौशी घरांत त्याला भांड्यांचा साबणही लागतो. संध्याकाळी टँक असा चमकतो की पाहुण्यांना आधी तोच दाखवावा. तीन-चार दिवसांनी, ऐन फराळाच्या धामधुमीत, एक गोल्डफिश वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो. भाऊबीजेपर्यंत दोन मासे गेलेले असतात. घरात निष्कर्ष निघतो की पाणी मानवलं नाही. पाण्याचा इथे थोडा दोष आहे, पण मुख्य आरोपी ते नाही. त्या रविवारी घरातून एक जिवंत वस्तू धुऊन काढली गेली, आणि ती जिवंत होती हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

घोटाळा ‘फिल्टर’ या शब्दापासूनच सुरू होतो. चहाची गाळणी, गाडीचा एअर फिल्टर, ओट्यावरचा आरओ या सगळ्या वस्तू जितक्या स्वच्छ तितक्या कामाच्या. टँकमधला फिल्टर घाण अडवतो हे खरं, पण ते त्याचं दुय्यम काम. अडवलेली घाण स्पंजात असली तरी ती पाण्यातच असते. केरसुणीने केर खाटेखाली सारावा तसा तो प्रकार. मुख्य काम करतात ते स्पंजाच्या भोकाभोकांत चिकटून बसलेले जिवाणू. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो. जिवाणूंचा एक गट त्याचा नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचा नायट्रेट. पहिले दोन पदार्थ माशाला विषारी, तिसरा बराच सुसह्य. हे दुसरं काम नायट्रोबॅक्टर करतो असं पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं जात होतं. १९९८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी गोड्या पाण्याच्या टँकमधले जिवाणू तपासले, तेव्हा ते काम करणारे नायट्रोस्पायरा निघाले. पुढे २०१५ मध्ये दोन्ही पायऱ्या एकट्याने चढणारे नायट्रोस्पायराही सापडले, आणि त्यांतले काही मत्स्यपालनाच्या टाकीला जोडलेल्या फिल्टरमध्येच होते. ज्याला आपण घाण म्हणून नळाखाली धरतो, त्यात शास्त्रज्ञांना नवं काही सापडायला विसावं शतक संपत यावं लागलं.

हे जिवाणू किती तातडीचं काम करतात, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक म्हणजे साधारण ५६ लिटर; खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता ५० लिटरच्या आत पाणी. चार मध्यम माशांना चिमूट चिमूट करत दिवसाला एक ग्रॅम खाद्य पडतं असं धरू. त्यात प्रथिनं ४० टक्के असतील आणि प्रथिनांत नायट्रोजन १६ टक्के, तर त्या ग्रॅममध्ये नायट्रोजन झाला ६४ मिलिग्रॅम. त्यातला निम्माच अमोनिया म्हणून बाहेर पडला तरी दर लिटरमागे रोज ०.६ मिलिग्रॅमची भर. हा सगळाच विषारी नसतो. पीएच ७ असेल तर पंचवीस अंशांना त्यातला अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो. आमच्या नाशिकचा दगड काळा बेसॉल्ट, बोअरचं पाणी जड आणि अल्कलीकडे झुकणारं, आणि कितीतरी सोसायट्यांच्या टाकीत नळाचं नि बोअरचं पाणी एकत्रच पडतं. अशा पाण्यात तिसऱ्या दिवशी विषारी अमोनिया लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या घरात पोचतो, आणि कल्ल्यांना इजा व्हायला ०.०५ पुरतो. दिवाळीतल्या त्या तीन-चार दिवसांचा उलगडा इथे होतो. धुतल्या दिवशी सगळं छान दिसतं, कारण विषाला रंग नसतो.

यावर आक्षेप ठरलेला आहे: आम्ही कित्येक वर्षं स्पंज नळाखालीच धुतो, आमचे मासे जिवंत आहेत. खरं आहे, आणि त्याला कारणही आहे. भारतीय मानकाप्रमाणे क्लोरीन घातलेल्या पाण्यात ग्राहकाच्या नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक राहायला हवा. नाशिकला गंगापूर धरणाचं पाणी तुरटी, निवळण, वाळूचे थर आणि क्लोरीन या वाटेने घरी येतं. पावसाळ्यात गढूळपणा वाढला की क्लोरीनची मात्राही वाढते. एवढ्या क्लोरीनचा मिनिटभराचा फटका चिकट थराच्या आतल्या सगळ्या जिवाणूंना मारत नाही. शिवाय खड्यांवर, काचेवर, वनस्पतींच्या पानांवरही त्यांची वस्ती असते, ती मधल्या काळात काम सांभाळते. म्हणून नुसता स्पंज नळाखाली धरला तर बहुधा निभावतं. निभावत नाही ते सगळं एकाच दिवशी केलं तेव्हा: खडे, काच, स्पंज आणि वर शंभर टक्के नवं पाणी. दोष नळाचा थोडा आणि उत्साहाचा फार.

फिल्टर कसा निवडावा हे यातूनच ठरतं. दुकानात आपण विचारतो मोटार किती लिटरची. खोक्यावर ताशी ६०० लिटर छापलेलं असतं. ते आकडे पाणी वर चढवायचं नसताना आणि मध्ये स्पंज नसतानाचे. प्रत्यक्षात धार त्याहून बरीच कमी, आणि स्पंज भरत गेला की आणखी कमी. टँकचं पाणी तासाला चार-पाच वेळा फिरावं हा ठोकताळा वाईट नाही, पण तो प्रवाहाबद्दल बोलतो. जिवाणूंना जागा किती आणि हवा किती याबद्दल मुका आहे. अमोनियातला एक मिलिग्रॅम नायट्रोजन नायट्रेटपर्यंत न्यायला सुमारे साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. एप्रिल-मे महिन्यांत टँकचं पाणी तीस अंशांवर गेलं की लिटरभर पाण्यात मुळात साडेसात मिलिग्रॅमसुद्धा मावत नाही, आणि त्यात मासेही वाटेकरी. तेव्हा फिल्टर घेताना दोनच गोष्टी बघाव्यात: आत माध्यम, म्हणजे जिवाणूंना बसायची जागा, किती मावतं आणि पाणी हलून त्यात हवा किती मिसळते. माध्यम कोणतं याला फार महत्त्व देऊ नये. सिरॅमिकच्या नळ्या, प्लॅस्टिकचे चेंडू, नुसता जाडसर स्पंज, सगळ्यांवर जिवाणू बसतात. कोळशाची पुडी मात्र रोजच्यासाठी नको. माशांना औषध दिल्यावर पाण्यातला उरलेला अंश काढायला ती चांगली, एरवी काही आठवड्यांत तिची ताकद संपते आणि ती आणखी एक खडबडीत दगड होऊन राहते.

या कसोटीवर घरगुती, दोन-अडीच फुटांच्या टँकसाठी माझं मत साध्या एअर पंपावर चालणाऱ्या स्पंज फिल्टरच्या बाजूने पडतं, आणि शक्य तर जुळ्या स्पंजाच्या. त्यात बिघडण्यासारखं काही नाही. नळीतून बुडबुडे वर जातात, जाताना पाणी ओढतात, ते पाणी स्पंजातून सावकाश येतं. गाळणं, जिवाणूंचं घर आणि हवा एकाच ठिकाणी. चांगल्या कॅनिस्टरच्या, म्हणजे बंद डब्यातल्या मोटारीच्या फिल्टरच्या, किमतीत असे डझनभर येतील. लोक नाकं मुरडतात ती तीन कारणांनी. एक, दिसायला बेढब. हे मान्य, मागच्या कोपऱ्यात झाडाआड ठेवावा. दोन, बुडबुड्यांचा आणि पंपाचा आवाज. पंप भिंतीला न टेकवता जाड कापडाच्या घडीवर ठेवला की निम्मा आवाज जातो, उरलेल्याची सवय होते. तीन, बारीक गाळ तो पकडत नाही, पाणी काचेसारखं होत नाही. हा आक्षेप वजनदार आहे. चार फुटी टँकमध्ये ऑस्कर किंवा तळहाताएवढे गोल्डफिश असतील तर एकटा स्पंज पुरत नाही. तिथे टॉप फिल्टर किंवा कॅनिस्टर हवाच, आणि स्पंज जोडीला. पण पाणी काचेसारखं असणं ही पाहणाऱ्याची गरज. नितळ पाण्यात अमोनिया भरपूर असू शकतो आणि चहाच्या रंगाच्या पाण्यात अजिबात नसू शकतो.

स्पंजाच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्याकडची आहे: लाइट जाणं. भारनियमनाची वर्षं मागे पडली, तरी दुरुस्तीसाठी तीन-चार तास वीज बंद हे चालूच असतं. कॅनिस्टर म्हणजे बंद डबा. मोटार थांबली की आतले जिवाणू काही वेळात डब्यातला प्राणवायू संपवतात, मग आतला गाळ कुजू लागतो, आणि वीज आल्यावर तो सगळा मळ एका झटक्यात टँकमध्ये येतो. काही तास बंद राहिलेला कॅनिस्टर उघडून, आतलं पाणी ओतून मगच चालू करावा; किती घरांत हे होतं हा प्रश्नच आहे. स्पंज उघड्यावर, माशांच्याच पाण्यात असतो, त्यामुळे त्याचा दम जास्त टिकतो. शिवाय छोटा एअर पंप चार-पाच वॅट खातो. इन्व्हर्टरला तो जाणवतही नाही. पंप मात्र पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा किंवा नळीत उलट पाणी अडवणारी झडप बसवावी. नाहीतर लाइट गेल्यावर पाणी नळीतून मागे फिरतं आणि पंपातून थेट फरशीवर.

आता धुण्याबद्दल. बुडबुड्यांचा जोर मंदावला, स्पंज फुगल्यासारखा दिसू लागला की धुवायचा. तारीख ठरवून नाही. आधी प्लग काढायचा. टँकमधलंच दोन-तीन लिटर पाणी बादलीत घ्यायचं. स्पंज टँकमध्ये पिशवीत धरूनच बाहेर काढावा, नाहीतर निम्मा गाळ वाटेतच सुटतो. बादलीत तो तीन-चारदा दाबायचा, पिळा घालायचा नाही. पाणी कोकोसारखं होतं. त्याचा वास घ्यावा, संकोच करू नये: पहिल्या पावसात भिजलेल्या मातीसारखा आला तर फिल्टर ठणठणीत आहे, सडक्या अंड्यासारखा आला तर आत हवा पोचत नव्हती. स्पंजाचा मूळ रंग परत आणायचा प्रयत्न करू नये. तपकिरी राहिला तरी दाबल्यावर पाणी सहज सुटतं ना, एवढंच पाहायचं. जुळ्यातला एक आज, दुसरा दोन आठवड्यांनी. बादलीतलं पाणी कुंडीला घालावं, तुळशीला ते मानवतं. मोटारीचा फिल्टर असेल तर फिरणारा चुंबकी पंखा काढून जुन्या टूथब्रशने पुसायचा. बोअरच्या पाण्याने त्यावर पांढरा क्षार धरतो, तो लिंबाच्या रसात भिजवला की सुटतो. हा भाग खुशाल लख्ख करावा, तिथे कोणी राहत नाही.

इतकं सगळं नीट केलं तरी फिल्टर नायट्रेटपाशी थांबतो. नायट्रेट बाहेर काढायला पाणी बदलणं किंवा वनस्पती, या दोनच वाटा. हे ज्याला मोठ्या प्रमाणावर बघायचं असेल त्याने नाशिकच्या तपोवनाच्या खाली दसक-पंचकच्या बाजूला गोदावरी पाहावी. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस नदीत उतरला की त्यावर पाणवेली पोसतात, पात्र हिरवं दिसतं आणि खालचं पाणी प्राणवायूला महाग होतं. तेच पाणी पुढे नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात जातं. गाळाने उथळ झालेल्या त्या जलाशयातली गवतं आणि लव्हाळी त्यातला काही भाग शोषतात.  यावरून काहीजण म्हणतात की मग टँकमध्येही दाट झाडंच लावावीत, फिल्टर हवाच कशाला. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात जवळपास हीच पद्धत मांडली आहे, आणि ती चालते, कारण झाडं अमोनियाही थेट घेतात. पण त्यासाठी मासे मोजके, माती खाली, उजेड भरपूर आणि धीर मोठा लागतो. गोल्डफिश तर ती झाडंच खाऊन टाकतात. आपल्याकडे टँक घेतला जातो तो मुलांच्या हट्टापायी, मासे असतात गरजेच्या दुप्पट, खाद्य तिप्पट. तिथे फिल्टर आणि आठवड्याला पाव भाग पाणी बदलणं याला पर्याय नाही; बदलायचं पाणी दिवसभर उघड्या बादलीत ठेवलेलं किंवा क्लोरीन मारायचे थेंब घातलेलं.

नवा फिल्टर लावला की तो तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. थंडीत अधिक, कारण डिसेंबर-जानेवारीत नाशिकला रात्री पारा दहाच्या खाली उतरतो आणि हीटर नसेल तर जिवाणूही आखडतात. बाटलीतले जिवाणू विकत मिळतात, पण दुकानाच्या फळीवर उन्हाळा काढलेल्या बाटलीत किती जिवंत असतील याची खात्री कोणी देत नाही. दह्यासाठी आपण पावडर आणत नाही, शेजारणीकडून चमचाभर विरजण आणतो. इथेही तेच करावं. ज्यांचा टँक वर्षभर रोगाशिवाय चालला आहे अशा ओळखीच्यांकडून जुन्या स्पंजाचा दोन बोटं रुंद तुकडा मागावा, त्यांच्याच टँकच्या पाण्यात पिशवीत बांधून आणावा आणि नव्या स्पंजाला दोऱ्याने बांधून ठेवावा. पहिले दोन आठवडे मासे दोनच ठेवा, आणि आणताना वाटेत तो तुकडा वाळू देऊ नका.