हा घाम गॅसचा नव्हं

सेलूच्या मोंढ्यात कुणाच्या छातीत दुखलं की पहिलं नाव निघतं ते गॅसचं. ओवा-काळं मीठ, नाहीतर सोडा, उतारा तयारच असतो. त्या सकाळी माझ्या छातीत कळ अशी आलीच नाही. कापसाची दाबलेली, एकशे सत्तर किलोची गाठ कुणीतरी छातीवर ठेवून निघून जावं तसा भार आला. दिवस कापसाचे, आडतीपुढं गाड्यांची रांग लागलेली. भार जबड्यापर्यंत चढला, डावा हात जड झाला आणि ऐन थंडीत सदरा भिजला. दुकानातलं पोरगं सोडा आणायला निघालं तेव्हा आमच्याकडच्या म्हाताऱ्या हमालानं त्याला अडवलं. "मुनीमजी, हा घाम गॅसचा नव्हं. हलू नका, आटो आनतो." त्याचा थोरला भाऊ असाच ओवा चघळत गेला होता, हे मला पुढं कळलं.

दवाखान्यात गेल्या गेल्या ईसीजी काढला. डॉक्टर मॅडमनी पट्टी पाहिली आणि ॲस्पिरिन चावून खायला सांगितली. नुसती गिळण्यापेक्षा चावलेली गोळी लवकर रक्तात उतरते. मग भराभर प्रश्न : कधी लकवा झाला होता का, पोटातून रक्त गेलंय का, एवढ्यात एखादं ऑपरेशन? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं होतं, आणि ते औषध हृदयातली गुठळी तेवढी शोधून काढत नाही. मेंदूत कुठं कच्ची जागा असेल तर तिथंही रक्तस्राव होऊ शकतो. हृदयाचा रक्तपुरवठा तुटला की अर्ध्या तासाच्या आतच स्नायू मरू लागतो, म्हणून मोठं शहर गाठेपर्यंत थांबायचं नसतं. छत्रपती संभाजीनगर आमच्यापासून सव्वाशे किलोमीटरहून लांब. इंजेक्शन आधी, १०८ची गाडी नंतर.

हे शहाणपण फार जुनं नाही. सतरा हजारांवर रुग्णांचा एक मोठा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. ॲस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज ही दोन औषधं मिळून दिल्यानं पहिल्या पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणानं होणारे मृत्यू सुमारे ४२ टक्क्यांनी कमी झाले. त्यातली ॲस्पिरिन रुपया-दोन रुपयांची. ती आमच्या मोंढ्यातल्या प्रत्येक माणसाला माहीत असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मला मात्र एकच प्रश्न खात होता. रोज पहाटे मी केशवराज बाबासाहेब महाराजांच्या मंदिरापर्यंत चालत जायचो. धाप नाही, छाती कधी भरून आली नाही. मग रक्तवाहिनी एकाएकी बंद कशी पडली?

उत्तर मिळालं ते ॲन्जिओग्राफीच्या टेबलावर. मनगटातून नळी घातलेली, मी जागा, बाजूला पडदा. डॉक्टरांनी उजवी धमनी दाखवली. एका जागी ती चांगलीच अरुंद झाली होती, पण रक्त वाहत होतं. "काका, अटॅक हिचा नाही," ते म्हणाले आणि डावीकडच्या पुढच्या धमनीवर बोट ठेवलं. तिथं आधी निम्मासुद्धा अडथळा नसावा, असा त्यांचा अंदाज होता.

धमनीला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं. बीपी, साखर, तंबाखू यांनी ते दुखावलं की रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल त्याखाली शिरतं. ते गिळायला पांढऱ्या पेशी येतात आणि चरबीनं फुगून तिथंच मरतात. वर्षानुवर्षं भिंतीच्या आतच असा थर वाढत जातो, त्यावर तंतूंचा पापुद्रा धरतो. पापुद्रा जाड असेल तर मोठा थरही टिकून राहतो. माणसाची चढावर छाती भरून येते, थांबलं की ओसरते. पापुद्रा पातळ असेल तर लहानसा थरही फाटतो. आतली चरबी रक्ताला भिडते, शरीराला ती जखम वाटते, प्लेटलेट धावतात, फायब्रिनचे धागे विणले जातात आणि काही मिनिटांत वाट बंद. अरुंद व्हायला वीस-तीस वर्षं लागतात, बंद पडायला एवढा वेळ लागत नाही. मेंदूच्या धमनीत हेच घडलं की लकवा.

आपल्याकडं हे लवकर घडतं. ५२ देशांतल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण त्रेपन्नाव्या वर्षी येतो असं दिसलं. इतरांना एकोणसाठच्या आसपास. त्याच अभ्यासानं पुढं चघळायच्या तंबाखूवरही बोट ठेवलं. आमच्या मोंढ्यात तंबाखू-चुन्याची डबी न मागता पुढं येते.

स्टेंट बसला. २०१७ साली सरकारनं औषध लावलेल्या स्टेंटची किंमत तीस हजारांच्या आत बांधली. त्याआधी लाखाच्या पुढचे आकडे लोक सांगायचे. आमचा खर्च सरकारच्या फुले जनआरोग्य योजनेतून झाला.

धातूची ती जाळी रक्ताला परकी असते. अस्तर तिच्यावर चढेपर्यंत तिच्यावरही गुठळी धरू शकते, म्हणून प्लेटलेट रोखणाऱ्या दोन गोळ्या निदान वर्षभर. गावात सल्ले देणारे पुष्कळ. रक्त पातळ होतं, अशक्तपणा येतो, आता बरं वाटतंय तर सोडा. मध्यंतरी दाढ दुखायला लागली आणि काढण्यावाचून इलाज नव्हता. दंतवैद्यांनी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, गोळ्या एक दिवसही न थांबवता दाढ काढली, टाके घातले आणि कापूस दाबून मला बराच वेळ बसवून ठेवलं. रक्त नेहमीपेक्षा उशिरा थांबलं, पण थांबलं. रात्रीची गोळी मी वेळेवर घेतली.