शहाणी मोटार आणि घाटमाथ्यावरची वाडी

मोटारीचे शहाणपण कोणत्या रस्त्यावर तपासावे? जाहिरातीत ती गुळगुळीत हमरस्त्यावरून धावते. आम्हां बेळगावकरांच्या मोटारीची परीक्षा मात्र खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस, कणकुंबीकडच्या घाटमाथ्यावर होते. आमचे मूळ घर त्याच बाजूच्या एका वाडीत आहे. पावसाळ्यात तेथे दिवसचे दिवस सूर्यदर्शन नसते. हमरस्ता सोडला, की तांबडा चिखल सुरू होतो आणि मोबाइलची रेंजही जाते.

नव्या तंत्रज्ञानास नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. जुन्या पेट्रोल जीपला पावसाळी सकाळी चोक ओढून, ढकलून, आर्जवे करून जागे करावे लागे. आजची गाडी किल्ली फिरवताच सुरू होते. २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत एबीएस ब्रेक सक्तीचे झाले. निसरड्या उतारावर चाके जखडत नाहीत, स्टिअरिंग हाती राहते. सुट्या खडीवर मात्र त्याच ब्रेकने थांबायला अंतर थोडे अधिक लागू शकते, हे चालवणाऱ्याने ध्यानी ठेवावे.

खरी अडचण निराळीच आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाले. त्यापायी डिझेल मोटारींत धुरातली काजळी अडवणारी गाळणी आली. ती काजळी जळून जाण्यास धूर पुरेसा तापावा लागतो, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगाने धावावी लागते. वाडीतली गाडी दूध डेअरी ते किराणा दुकान अशी, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये फिरणारी! गाळणी तुंबते, इशाऱ्याचा दिवा लागतो आणि शेवटी इंजिन स्वतःच्या रक्षणासाठी आपली शक्ती आवरते घेते.

दोन पावसाळ्यांपूर्वी शेजारच्या वयोवृद्ध काकूंच्या छातीत रात्री कळ आली, तेव्हा त्यांच्या घरच्या नव्या गाडीने चढावर असेच अंग टाकले. वाडीचा मेस्त्री धावत आला. त्याच्या हाताखालून शेकडो इंजिने गेलेली. पण हा दोष स्कॅनर लावल्यावाचून उलगडेना, आणि स्कॅनर बेळगावात. अखेर भाजीच्या टेम्पोतून काकू इस्पितळात पोहोचल्या व सुदैवाने वाचल्या.

स्टेपनीचेही तसेच. टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचा संच असल्यास जादा चाक नसले तरी चालेल, अशी मुभा २०२० मध्ये नियमांनी दिली. जांभ्या दगडाने टायरची कड फाटली, तर तो संच काय कामाचा?

म्हणून गावाकडे आई-वडील असणाऱ्या कुटुंबांनी गाडी घेताना पडद्याची लांबी-रुंदी पाहण्याआधी काही साधे प्रश्न विचारावेत. स्टेपनी आहे काय? गाडीचे पोट जमिनीपासून किती उंच आहे? रोजची धाव जवळची असेल, तर डिझेलऐवजी पेट्रोल बरे नव्हे काय? दुरुस्तीची जागा किती कोसांवर आहे?

आणि एक करता येईल. वाडीच्या चार घरांनी वर्गणी काढून मेस्त्रीच्या हाती स्कॅनर द्यावा, त्याच्या मुलास तो वापरण्याचे शिक्षण द्यावे. मोटार कितीही शहाणी असो. तिचे दुखणे ओळखणारा माणूस हाकेच्या अंतरावर असेल, तरच ते शहाणपण वाडीच्या उपयोगी पडेल.