मीटर कुणाच्या घरात होतं?



आमच्या चिखलीतल्या अभ्यासिकेत दर रविवारी एका पुस्तकावर चर्चा होते. गेले काही महिने आम्ही टीव्हीच्या धंद्याचा पडद्यामागचा इतिहास वाचतो आहोत. भास्कर घोष यांचं 'दूरदर्शन डेज', अरविंद राजगोपाल यांचं 'पॉलिटिक्स आफ्टर टेलिव्हिजन', वनिता कोहली-खांडेकर यांचं 'द मेकिंग ऑफ स्टार इंडिया'. एका जुन्या कार्यकर्त्याने विचारलं, "चळवळीची पुस्तकं संपली का?" प्रश्न बरोबर आहे, म्हणून उत्तर देतो.

आमच्या वस्तीतली एक मुलगी पत्रकारितेची पदवी घेऊन मुंबईला गेली होती. मालिकेसाठी कथा लिहिली आणि एका ठिकाणी दाखवली. कथा सफाई कामगार बाईची होती. आधी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं आणि शेवटी सांगितलं, "छान आहे, पण आमचा प्रेक्षक हे बघत नाही." ती परत आली आणि बँकेच्या परीक्षेची तयारी करू लागली. आम्ही समाजशास्त्र शिकलेली माणसं, पण तिला 'जातीयवाद आहे' यापलीकडे काही सांगू शकलो नाही. 'आमचा प्रेक्षक' म्हणजे नेमका कोण, हे आम्हालाही माहीत नव्हतं.

शोधत गेलो तेव्हा कळलं की हा प्रेक्षक मोजून तयार केला जातो. काही घरांत मीटर बसवतात, त्यावरून टीआरपी काढतात आणि टीआरपीवर जाहिरातीचा दर ठरतो. कित्येक वर्षं हे मीटर एक लाखाहून जास्त लोकसंख्येच्या शहरांतच होते. २०११ च्या जनगणनेत आपली चिखली ६० हजारांच्याही आत. म्हणजे आम्ही टीव्ही बघत होतो, जाहिरातीतला साबण विकत घेत होतो, पण हिशेबात नव्हतो. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये 'बार्क'ने खेड्यांचे आकडे द्यायला सुरुवात केली आणि फुकट दिसणारी हिंदी चॅनेल एकदम वर आली. लोकांची आवड एका आठवड्यात बदलली का? नाही. मोजणी बदलली.

आजही घराची प्रतवारी दोन गोष्टींवरून होते: कमावत्या माणसाचं शिक्षण किती आणि घरात वस्तू किती. जात विचारत नाहीत. मग आपले लोक किती बघतात आणि काय बघतात, हे कुणाला कळणार? मात्र कथा घेऊन गेलं की आडनाव पहिलं विचारतात!

या इतिहासात एक प्रसंग असा आहे की ज्यांची मोजणी नव्हती त्यांनी ती करायला लावली. १९८८ साली रामानंद सागर यांचं 'रामायण' लव-कुशांच्या कथेआधीच संपणार होतं. वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी पंजाबात संप केला, तो उत्तरेतल्या इतर शहरांत पसरला. रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग लागले. सरकार नमलं आणि पुढचे भाग निघाले.

आमच्यातले काही म्हणाले, "रामायणासाठी संप? आपला मार्ग तो नाही." खरं आहे, आपण १९५६ साली दुसरी वाट धरली. पण त्या झाडूची ताकद नाकारू नका. प्रश्न एवढाच की संपाने भाग वाढले, पण लिहिणारी लेखणी दुसऱ्याच्याच हातात राहिली.

२०१९ च्या बुद्धपौर्णिमेला, १८ मे रोजी, स्टार प्रवाहवर बाबासाहेबांवरची मालिका सुरू झाली. वस्तीतल्या आजी टीव्हीसमोर चप्पल काढून हात जोडून बसत. आमचेही डोळे भरले. तरीही सांगतो, हे कुणाचे उपकार नव्हते. कोणतंही खाजगी चॅनेल धर्मादाय चालत नाही. बघणारे आहेत हे दिसलं, तेव्हाच पडदा उघडला.

प्रस्थापितांची वर्तमानपत्रं आपलं दुःख छापत नाहीत म्हणून बाबासाहेब नुसते निषेध करत बसले नाहीत. ३१ जानेवारी १९२० ला त्यांनी 'मूकनायक' काढला. कागद, छपाई, वर्गणी, सगळ्यांशी झुंजले. आपण मात्र मालिकेवर बहिष्काराचा मेसेज पुढे पाठवतो आणि झोपतो. आपल्यातून पटकथा लिहिणारे, संकलन करणारे, टीआरपीचा तक्ता वाचणारे किती तयार झाले?

म्हणून ही पुस्तकं वाचायची. दार कुठे आहे आणि त्याची कडी कुणाच्या हातात आहे, हे कळण्यासाठी.

त्या मुलीने आमच्यासोबत ही पुस्तकं वाचली. मागच्या रविवारी म्हणाली, "मला नकार देणाऱ्याला तरी आपला प्रेक्षक कुठे माहीत होता?" बँकेची परीक्षा ती देणार आहेच, घर चालवायचं आहे. पण कथेची वही तिने पुन्हा काढली आहे. दुसरा भाग अभ्यासिकेत वाचून दाखवणार आहे. चिखलीच्या आसपास असाल तर रविवारी ऐकायला या.

जय भीम, जय भारत.