वध, हत्या, ठार

कोलकात्याच्या क्रांतिकारकांच्या आठवणी बंगालीतून मराठीत आणायला बसलं की चार्ल्स टेगार्ट टाळता येत नाही. त्याची कारकीर्द सांगायला सोपी आहे. १८८१ साली आयर्लंडमधल्या डेरी इथे जन्म, १९०१मध्ये भारतीय पोलीस सेवेत प्रवेश. १९१५ साली बालासोरला बाघा जतीनचा माग काढणाऱ्यांत तो होता. १९२३ ते १९३१ तो कोलकात्याचा पोलीस आयुक्त, मुख्यालय लालबाजार. १९३७च्या अखेरीस ब्रिटिशांनी त्याला पॅलेस्टाइनमध्ये बोलावलं. तिथल्या काँक्रीटच्या पोलीस गढ्यांना आजही त्याचंच नाव आहे.

अवघड आहेत ती क्रियापदं. पोलिसांच्या कागदांत ‘चौकशी’ असते, सुटून आलेल्यांच्या आठवणीत ‘छळ’. खोली तीच, रात्रही तीच. सरकारी कागदांत ‘दहशतवादी’ असतो तो बंगालीत ‘बिप्लबी’. इथपर्यंत मला फारसं थांबावं लागत नाही. ज्याचा मजकूर, त्याचा शब्द.

थांबावं लागतं १२ जानेवारी १९२४ या तारखेपाशी. त्या सकाळी चौरंगीवर गोपीनाथ साहाने टेगार्ट समजून गोळ्या झाडल्या. मेला तो अर्नेस्ट डे, पोलिसांशी संबंध नसलेला इंग्रज. गोपीनाथने कोर्टात निर्दोष माणूस गेल्याचं दुःख बोलून दाखवलं, टेगार्ट वाचल्याचंही. १ मार्चला त्याला फाशी झाली. टेगार्टवर पुढेही हल्ले झाले. २५ ऑगस्ट १९३०ला डलहौसी चौकात त्याच्या गाडीवर बाँब पडले. तो वाचला, हल्ला करणाऱ्यांपैकी अनुजा सेनगुप्त तिथेच गेला.

मराठीत अशा प्रसंगाला तयार शब्द आहे: वध. पुण्यात २२ जून १८९७च्या रात्री चापेकरांनी केला तो रँडचा ‘वध’, असं आम्ही शाळेत शिकलो. कंसाचा होतो तसा. या शब्दात निकाल आधीच लागलेला असतो. मारला गेला तो त्याच लायकीचा होता. पण त्या रात्री मागच्या गाडीत लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला. त्याचं नाव ‘रँड आणि आयर्स्ट’ असं जोडीने येतं आणि वधात खपून जातं. बंगालीतला ‘हत्या’ हा शब्द एवढी सोय करून देत नाही.

डे यांच्यासाठी ‘वध’ लिहिणं शक्य नाही. ‘खून’ लिहिलं तर गोपीनाथ एका शब्दात सराईत गुन्हेगारांच्या रांगेत जातो. ‘डे मारले गेले’ असं लिहिलं की पिस्तूल धरलेला हातच वाक्यातून नाहीसा होतो. सरकारी अहवालांना असं वाक्य फार आवडतं.

म्हणून मी लिहिते: गोपीनाथने डे यांना ठार केलं. सरकारने गोपीनाथला फाशी दिली. आणि आठवण लिहिणारा ज्याचं नाव घेऊन सांगतो, तिथे टेगार्टच्या माणसांनी मारलं, असंही. कर्ता कुठेच गाळायचा नाही, एवढाच माझा नियम. वाचकाला गोपीनाथबद्दल आदर वाटला तर तो डे यांचं प्रेत पाहूनही वाटला पाहिजे. माझ्या मते तो वाटतो. फक्त ‘वध’ म्हणताना वाटतो तितका निवांतपणे नाही.