नोट्स वाटून घेणारा वर्ग

माझी मुलगी पश्चिम सिडनीतल्या एका साध्या सरकारी शाळेत बारावीला होती. सहावीत असताना तिनं निवडक हुशार मुलांना घेणाऱ्या सिलेक्टिव्ह शाळांची परीक्षा दिली होती, पण प्रवेश मिळाला नव्हता. त्यामुळे बारावी जवळ आली तसं ओळखीच्या मराठी घरांतून एकच वाक्य कानावर यायला लागलं, "कमकुवत शाळेत हुशार मुलांचे गुण कापले जातात." ऐकून माझी झोप उडायची.

आपल्याकडे दहावीला शाळेनं दिलेले अंतर्गत गुण लेखी गुणांत तसेच मिळवले जातात. न्यू साउथ वेल्समध्ये तसं नाही. इथल्या बारावीला, म्हणजे एचएससीला, प्रत्येक विषयाचे निम्मे गुण ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या राज्यभरच्या परीक्षेचे आणि निम्मे शाळेनं वर्षभर घेतलेल्या चाचण्यांचे. पण एखादी शाळा सढळ हातानं गुण देते, एखादी हात आखडते. म्हणून नेसा हे इथलं परीक्षा मंडळ शाळेकडून मुलांचा क्रम आणि त्यांच्यातलं अंतर तेवढं घेतं. गुणांची पातळी ठरते ती त्याच मुलांनी राज्याच्या परीक्षेत काय केलं त्यावरून. याला मॉडरेशन म्हणतात. समजा शाळेत पहिल्या आलेल्या मुलीला ८५ आहेत आणि तिच्या शाळेतल्या त्या विषयाच्या गटातला सर्वोच्च लेखी गुण ९२ आहे. मग पहिलीचे शाळेचे गुण ९२ होतात, ते ९२ दुसऱ्याच कुणी मिळवलेले असले तरी. गटाची सरासरीसुद्धा लेखी परीक्षेतल्या सरासरीला आणून बसवतात.

हे सगळं मला मुलीनंच कागदावर मांडून समजावलं. केमिस्ट्रीत ती दुसरी होती. पहिली होती तिची व्हिएतनामी मैत्रीण. शाळेची शेवटची ट्रायल परीक्षा झाल्यावर आमच्या एका परिचित बाईंनी माझ्या मुलीला बजावलं, "आता नोट्स कुणाला देऊ नकोस हं." घरी आल्यावर ती म्हणाली, "अगं आई, शाळेतले क्रम तर आता ठरलेत. मैत्रिणीला परीक्षेत जास्त पडले तर आमचं सगळ्यांचंच वर जाईल. मागच्या मुलांना टायट्रेशन नीट आलं तर सरासरी वर जाईल. मी नोट्स लपवून काय मिळवणार?"

मग शनिवारी पॅरामॅटाच्या वाचनालयात पाच-सहा मुलं जमायला लागली. जुने पेपर सोडवायचे, एकमेकांचे तपासायचे. ज्या मुलाला समीकरणं जमत नव्हती त्याला माझी मुलगी पुन्हा पुन्हा समजावून सांगायची, आणि ते करताना तिचा स्वतःचा धडा पक्का व्हायचा. इतक्या स्पर्धेच्या वर्षात मुलांना एकमेकांच्या यशात खराखुरा वाटा असावा, ही या पद्धतीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

एक गोष्ट मात्र खटकते. त्या गटातल्या एका मुलानं शेवटच्या दोन महिन्यांत जीव तोडून अभ्यास केला. लेखी परीक्षेचे गुण त्याचे त्याला मिळाले, पण शाळेच्या अर्ध्या भागात तो आपल्या जुन्या क्रमालाच बांधलेला राहिला. उशिरा जाग आलेल्या मुलावर हा अन्याय आहे असं मला वाटतं.

गुण कापले जाण्याची भीती मात्र बरीचशी निराधार आहे. शाळेत पहिली असलेली मुलगी लेखी परीक्षेतही पहिली आली, तर शाळा कितीही साधी असो, तिचे दोन्ही भाग तिच्या लेखी गुणांइतकेच होतात. धोका असतो तो खालच्या क्रमावर राहून परीक्षेत एकदम चमकणाऱ्याला, आणि तो नावाजलेल्या शाळेतही असतोच. डिसेंबरमध्ये निकाल लागला तेव्हा माझ्या मुलीचे केमिस्ट्रीतले शाळेचे आणि लेखी गुण जवळपास सारखे होते.

इथे नव्यानं आलेल्या मराठी आईवडिलांना माझं सांगणं आहे. शाळा बघायला जाल तेव्हा क्रमवारीतलं स्थान विचाराच, पण तिथली बारावीची मुलं एकत्र बसून अभ्यास करतात का, हेही विचारा. आणि आपल्या मुलांना नोट्स लपवायला शिकवू नका.