वर्ग सोडून गेलेला विद्यार्थी

प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्यातला संघर्ष नेहमी आरडाओरड्यातून होतो असे नाही. काही वेळा विद्यार्थी मुकाट्याने वर्ग सोडतो. पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक येथे 11 सप्टेंबर 1895 रोजी जन्मलेल्या विनायक नरहरी भावे यांनी, म्हणजे विनोबांनी, तेच केले. बडोद्याच्या कॉलेजात शिकताना पदवी आणि नोकरीसाठीचे शिक्षण त्यांना पटेना. घरी चुलीपाशी बसून त्यांनी आपली प्रमाणपत्रे एकेक करून विस्तवात टाकली. आईने कारण विचारले, तेव्हा आता त्यांची गरज नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मार्च 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण सुरतेला उतरला आणि थेट काशीला गेला.

त्याच वर्षी कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक ओटन यांना विद्यार्थ्यांनी मारहाण केली आणि सुभाषचंद्र बोस यांना कॉलेजातून काढण्यात आले. विनोबांचा नकार याहून शांत होता. खोलीत मात्र तो कमी नव्हता.

पुढे 1960 नंतरच्या दशकात विद्यापीठांच्या आवारात पोलीस शिरू लागले. तेव्हा विनोबांनी विद्यार्थ्यांना दोष देण्याऐवजी शिक्षकांकडे मोर्चा वळवला. 1968 मध्ये त्यांनी आचार्यकुलाची कल्पना मांडली: शिक्षकाने सत्तेच्या राजकारणापासून दूर राहावे आणि स्वतःच्या नैतिक बळावर उभे राहावे. ही मागणी विद्यार्थ्याकडून शिस्तीची अपेक्षा धरण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.